व्हेरियंटचे ते १० टक्के: स्नोफ्लेकचा पेपर वाचताना काय विचारायचं?

डेटाबेस, बिग डेटा किंवा क्लाऊड या विषयात पीएच.डी. करायचं ठरवलंत, तर सिनॉप्सिसच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक वाक्य कधी ना कधी तुमच्या हातून लिहिलं जाईल: ‘सेमी-स्ट्रक्चर्ड डेटा स्कीमा न देता साठवला तरी क्वेरीचा वेग साधारण १० टक्क्यांनीच कमी होतो.’ या वाक्याचं मूळ आहे स्नोफ्लेकचा २०१६ चा पेपर. ‘द स्नोफ्लेक इलॅस्टिक डेटा वेअरहाऊस’ हे त्याचं नाव. बेन्वा दाजविल, थिएरी क्रुआन, मार्चिन झुकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तो सिग्मॉड परिषदेत मांडला. आज आपण या पेपरमधला एकच विभाग, ४.३, बारकाईने वाचणार आहोत. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण त्यातला १० टक्क्यांचा आकडा नेमकं काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, हे न बघता तो उचलला तर तुमचा पुढचा सगळा डोलारा कच्च्या पायावर उभा राहील.

ज्यांनी पेपर वाचलेला नाही त्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. लागेल तेवढं समजावून सांगते.

आधी प्रश्न समजून घेऊ

रिलेशनल टेबल म्हणजे छापील फॉर्म. रकाने आधी ठरतात, माहिती नंतर भरली जाते. जेसन म्हणजे पत्र. ज्याला जे सांगायचंय ते तो लिहितो, फक्त प्रत्येक गोष्टीला नाव देतो. एखाद्या ॲपचे लॉग, सेन्सरची रीडिंग्ज, वेब सर्व्हिसची उत्तरं हे सगळं आज जेसनमध्येच येतं. आज दहा फील्ड असतात. उद्या ॲपची नवी आवृत्ती आली की अकरावं येतं, आणि डेटाबेसवाल्याला कुणी विचारतही नाही.

जुनी पद्धत अशी की डेटा आत घेण्यापूर्वी त्याला साच्यात बसवायचं. म्हणजे काढा, बदला, मग भरा. साचा बदलला की भरण्याची प्रक्रिया मोडते आणि ती दुरुस्त होईपर्यंत मागे डेटाची रांग लागते. स्नोफ्लेकचं म्हणणं असं की आधी भरा, बदल नंतर करा. त्यासाठी त्यांनी तीन डेटाप्रकार दिले: व्हेरियंट, अ‍ॅरे आणि ऑब्जेक्ट. व्हेरियंटमध्ये काहीही मावतं: आकडा, तारीख, अक्षरं, यादी किंवा नाव-मूल्याच्या जोड्या. अ‍ॅरे आणि ऑब्जेक्ट ही व्हेरियंटचीच मर्यादित रूपं आहेत. आतली मांडणी एकच, स्वतःचं वर्णन स्वतःसोबत बाळगणारी बायनरी.

इथे कुणीही विचारेल, ‘मग यात नवीन काय? पोस्टग्रेसमध्ये जेसन २०१२ पासून आणि जेसनबी २०१४ पासून आहेच की.’ प्रश्न रास्त आहे. नुसतं साठवणं सोपं असतं. अवघड असतं ते स्तंभवार साठवण, म्हणजे कॉलमनुसार डेटा वेगवेगळा ठेवून हवा तेवढाच वाचणं. विश्लेषणाच्या क्वेरीला शंभरातले तीनच कॉलम लागतात. अख्खं जेसन एका गठ्ठ्यात ठेवलं, तर तीन फील्डसाठी पूर्ण गठ्ठा उघडावा लागतो. पोस्टग्रेसचं जेसनबी तसंच गठ्ठ्यात राहतं.

गुगलच्या ड्रेमेलने (२०१०) एकात एक गुंतलेला डेटाही स्तंभवार साठवता येतो हे दाखवलं होतं. पण तिथे स्कीमा आधी द्यावा लागतो. म्हणून स्नोफ्लेकचा खरा दावा असा वाचायला हवा: स्कीमा न सांगताही स्तंभवार साठवणीचा फायदा मिळवून देऊ.

चार युक्त्या

हा दावा पेपर चार युक्त्यांवर उभा करतो. प्रत्येक नीट लक्षात ठेवा, कारण पुढची टीका याच चारांवर आहे.

पहिली, आपोआप कॉलम काढणं. स्नोफ्लेकमध्ये टेबल अनेक फाईल्समध्ये विभागलेलं असतं. फाईल लिहिताना सिस्टीम त्यातली सगळी डॉक्युमेंट्स बघते, कोणते पाथ वारंवार येतात आणि त्यांचा प्रकार काय हे ठरवते, आणि ते पाथ बाहेर काढून साध्या कॉलमसारखे साठवते. त्यांची कमाल-किमान मूल्यंही नोंदवते. या नोंदींमुळे क्वेरीला नको असलेल्या फाईल्स न उघडताच वगळता येतात. यालाच प्रूनिंग म्हणतात.

दुसरी, प्रत्येक फाईलचा निर्णय स्वतंत्र. जानेवारीच्या फाईलमध्ये एखादं फील्ड नसेल आणि मार्चच्या फाईलमध्ये असेल, तर मार्चमध्ये त्याचा कॉलम होईल, जानेवारीत होणार नाही. स्कीमा बदलत गेला तरी जुनं काही मोडत नाही. माझ्या मते पेपरमधली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे.

तिसरी, पाथवरचा ब्लूम फिल्टर. दुसऱ्या युक्तीतून एक अडचण निघते: ज्या फाईलमध्ये पाथचा कॉलमच झाला नाही, तिथे तो पाथ मुळात नाही की तुरळक आहे, हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक फाईलमागे एक ब्लूम फिल्टर ठेवतात. त्यात मूल्यं नसतात, फक्त पाथ असतात. ब्लूम फिल्टर ‘नाही’ म्हणाला तर ते पक्कं नाही. ‘हो’ म्हणाला तर ‘असेलही, बघून घ्या’. त्यामुळे ‘नाही’ आलं की फाईल बिनधास्त वगळायची.

चौथी, आशावादी रूपांतर. जेसनमध्ये तारखेला वेगळा प्रकार नाही, ती अक्षरांतच येते. लिहितानाच तिची तारीख केली तर वेग मिळतो, पण माहिती हरवण्याची भीती असते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० आहे. त्याचा आकडा केला की २० उरतो, आणि मग तो कुठलाच कोड नसतो. पेपर यावर उपाय सांगतो: रूपांतर करायचं, पण ते उलटवता येण्यासारखं नसेल तर मूळ अक्षरंही वेगळ्या कॉलममध्ये जपायची. क्वेरीला जे हवं ते ती वाचेल आणि न लागणारा कॉलम तिच्या वाटेत येणार नाही.

चारही युक्त्या एकमेकींना धरून आहेत. इथवर वाचल्यावर मान डोलावी असंच हे डिझाईन आहे.

आता परीक्षा

पुढच्या भागात लेखक म्हणतात की या सगळ्याचा एकत्रित परिणाम मोजला. कसा मोजला ते बघा. टीपीसी-एच हा डेटाबेसच्या जगातला जुना बेंचमार्क आहे: आठ टेबलं, २२ क्वेरी. त्याचा १०० जीबी आणि १ टीबी डेटा क्रमवार लावून तयार केला आणि साध्या जेसनमध्ये लिहिला. मग तो दोन प्रकारे भरला: एकदा नेहमीच्या रिलेशनल टेबलांत आणि एकदा अशा टेबलांत, जिथे एकच कॉलम आहे आणि त्याचा प्रकार व्हेरियंट. सिस्टीमला कसलाही इशारा दिला नाही. २२ क्वेरी तीनदा चालवल्या, कॅशे गरम असताना. निकाल असा: दोन क्वेरी सोडून सगळीकडे व्हेरियंटचा भुर्दंड साधारण १० टक्के. उरलेल्या दोन म्हणजे क्यू-९ आणि क्यू-१७, त्याही १ टीबीवरच. त्या मंदावण्याचं कारण जॉइनचा चुकीचा क्रम, आणि त्यामागे वेगळ्या मूल्यांच्या अंदाजातला एक माहीत असलेला बग, असं लेखक स्वतःच सांगतात.

आता पेन घ्या आणि चार युक्त्यांसमोर लिहीत जा, या परीक्षेत कोणती तपासली गेली.

टीपीसी-एचमध्ये ‘लाईनआयटम’ या टेबलला १६ कॉलम आहेत. त्याचं जेसन केलं की प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये तीच १६ फील्ड येणार. एकही गाळलेलं नाही, एकही जास्तीचं नाही. रिकामी मूल्यं नाहीत. यादीत यादी नाही. आज आकडा आणि उद्या अक्षरं, असंही कुठे होत नाही. म्हणजे:

पहिली युक्ती तपासली गेली, पण सगळ्यात सोप्या रूपात. ‘वारंवार येणारे पाथ शोधा’ हे काम प्रत्येक पाथ शंभर टक्के वेळा येत असताना करून दाखवलं. वर्गात सगळेच हजर असतील तर हजेरी घेणं कितीसं अवघड?

दुसरी युक्ती तपासलीच गेली नाही. सगळ्या फाईल्स एकाच घडणीच्या आहेत, त्यामुळे स्वतंत्र निर्णय घेतला काय आणि एकत्र घेतला काय, उत्तर एकच येणार.

तिसरी युक्ती तपासलीच गेली नाही. टेबलमधला प्रत्येक पाथ त्या टेबलच्या प्रत्येक फाईलमध्ये आहे. ब्लूम फिल्टरला एकदाही ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ शकत नाही.

चौथी युक्ती अर्धी तपासली गेली. टीपीसी-एचच्या बऱ्याच क्वेरी तारखेवर गाळतात आणि जेसनमध्ये त्या तारखा अक्षरं झाल्या होत्या. तरीही वेग टिकला, म्हणजे रूपांतर चाललं, आणि याचं श्रेय लेखकांना द्यायलाच हवं. पण फसवी मूल्यं, म्हणजे तारखेसारखा दिसणारा मजकूर किंवा आकड्यासारखा दिसणारा कोड, या डेटात नाहीत. ‘आशावादी’ या शब्दातला धोका परीक्षेला आलाच नाही.

आणि यादी उलगडून तिच्या ओळी करायचं काम, म्हणजे फ्लॅटन? जेसन वापरणाऱ्या कुणालाही ते लागतंच. या २२ क्वेरींमध्ये ते एकदाही नाही, कारण डेटात यादीच नाही.

आणखी दोन गोष्टी मोजलेल्या नाहीत. एक, डेटा भरायला लागलेला वेळ. सगळी मेहनत लिहिण्याच्या वेळी होते असं पेपर सांगतो, पण लिहिण्याचा वेळ या विभागात दिलेला नाही. दोन, साठवणीची जागा. मूळ अक्षरं आणि रूपांतर दोन्ही ठेवायची तर जागा जास्त लागणार. क्वेरीच्या वेगावर त्याचा परिणाम नगण्य, असं पेपर म्हणतो. जागा किती वाढली ते सांगत नाही. शिवाय कॅशे गरम, म्हणजे बरीचशी वाचणी स्थानिक डिस्कवरून झालेली. दूरच्या क्लाऊड साठवणीतून पहिल्यांदा वाचताना फरक किती पडेल, ते या आकड्यात दिसत नाही.

क्यू-९ आणि क्यू-१७ कडेही परत वळा. लेखक बग म्हणतात आणि तो बगच असेल. पण आकड्यापेक्षा तो कुठे झाला हे जास्त बोलकं आहे. क्यू-९ मध्ये सहा टेबलं जोडली जातात. एवढ्या जोडण्यांचा क्रम ठरवताना ऑप्टिमायझरला प्रत्येक कॉलममध्ये किती वेगळी मूल्यं आहेत याचा अंदाज लागतो. म्हणजे साठवण जमली, वाचन जमलं, आणि अंदाजात गाडी अडकली. स्कीमा न सांगण्याची किंमत बिट्स वाचण्यात निघेल असं आपल्याला वाटतं. इथे ती डेटाबद्दल काय ठाऊक आहे, यात निघाली. तुम्हाला या क्षेत्रात प्रश्न हवा असेल, तर तो याच ओळीत दडलाय.

‘सेमी-स्ट्रक्चर्ड’ म्हणजे नक्की काय?

विभागाच्या शेवटी लेखक निष्कर्ष काढतात की स्थिर आणि साध्या स्कीमाच्या सेमी-स्ट्रक्चर्ड डेटावर वेग रिलेशनलच्या जवळपास मिळतो. सोबत असंही म्हणतात की प्रत्यक्षातला बहुतांश यंत्रनिर्मित डेटा असाच असतो. पहिल्या भागाला पुरावा आहे. दुसऱ्याला पेपरमध्ये कसलीच मोजणी नाही. त्यांच्याकडे ग्राहकांचा खरा डेटा होता, त्यातून एखादा तक्ता देता आला असता: किती टेबलांत किती टक्के पाथ कॉलम झाले, किती फील्डचे प्रकार बदलले. तो तक्ता असता तर हा विभाग दहा पट मोलाचा झाला असता.

पण खरी गोम ‘स्थिर आणि साध्या स्कीमाचा सेमी-स्ट्रक्चर्ड डेटा’ या शब्दांतच आहे. ही संज्ञा १९९७ च्या सुमारास रुळली, तेव्हा सर्ज अबिटबूल आणि पीटर ब्युनेमन यांच्या डोळ्यासमोर वेगळंच काहीतरी होतं: ज्याचा साचा अनियमित आहे, अर्धवट आहे, पटापट बदलतो, आणि बऱ्याचदा डेटाच्या आतच विरघळलेला असतो, असा डेटा. पुढे २००५ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर आणि जोसेफ हेलरस्टीन यांनी याच कल्पनेवर कडाडून टीका केली. त्यांचं म्हणणं असं की खरोखर सेमी-स्ट्रक्चर्ड म्हणावा असा डेटा फार थोडा असतो. नोकरीच्या जाहिराती आणि बायोडेटा ही त्यांची उदाहरणं. म्हणून ‘स्कीमा नंतर’ ही बाजारपेठ बहुधा छोटीच राहील.

वरवर बघता स्नोफ्लेकने त्यांना खोटं ठरवलं. नीट बघितलं तर नाही. दोघं एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतायत. स्टोनब्रेकर डेटाच्या स्वभावाबद्दल बोलतात. स्नोफ्लेक डेटा ज्या वेष्टनात येतो त्याबद्दल. यंत्राने तयार केलेला, दर ओळीत तीच फील्ड असलेला जेसन लॉग हा स्वभावाने पक्का रिलेशनल आहे. त्याने फक्त जेसनचा शर्ट घातलाय. टीपीसी-एचचं जेसन हे याचं टोकाचं रूप, कारण ते मुळात रिलेशनलच होतं.

म्हणून माझं वाचन असं आहे: १० टक्क्यांचा आकडा ‘स्कीमा असलेला, पण जाहीर न केलेला’ डेटा चालतो हे सिद्ध करतो. ही काही छोटी गोष्ट नाही. कितीतरी टीमचा कितीतरी वेळ त्याने वाचतो. पण ‘स्कीमाच नसलेला’ डेटा चालतो, हे त्याने सिद्ध होत नाही. सिनॉप्सिसमध्ये पहिलं वाक्य लिहा. दुसरं लिहू नका.

पेपरशेजारी मॅन्युअल ठेवा

सिस्टीम्सच्या पेपरबाबत एक सवय लावून घ्या: त्याच उत्पादनाचं अधिकृत डॉक्युमेंटेशन शेजारी उघडून वाचा. पेपर सांगतो काय शक्य आहे. मॅन्युअल सांगतं ग्राहकाची तक्रार येऊ नये म्हणून काय आधीच कबूल करावं लागलं.

स्नोफ्लेकचं मॅन्युअल सांगतं की काही फील्डचे कॉलम होत नाहीत. एकाच फील्डमध्ये कुठे आकडा आणि कुठे अक्षरं असतील तर नाही. फील्डमध्ये एक जरी जेसनचा ‘नल’ आला तरी नाही. कारण ‘मूल्य नल आहे’ आणि ‘फील्डच नाही’ यातला फरक जपायचा असतो. शिवाय एका टेबलच्या एका पार्टिशनमागे साधारणपणे २०० च घटक बाहेर काढले जातात, ही मर्यादा आहेच. टीपीसी-एचने यातली एकही अट ओलांडली नसती. तुमचा खरा डेटा पहिल्याच दिवशी ओलांडेल.

याहून मोठं आश्चर्य तारखांचं. मॅन्युअल म्हणतं की तारीख आणि वेळ व्हेरियंटमध्ये अक्षरं म्हणूनच राहतात, त्यामुळे त्यांच्यावरची कामं मंद होऊ शकतात आणि जागाही जास्त लागू शकते. वेग हवा असेल तर त्यांना वेगळ्या कॉलममध्ये काढा. आता पेपरमधली चौथी युक्ती आठवा. दोन मजकूर एकमेकांशेजारी ठेवले की ताण उघड दिसतो. पेपर म्हणतो, वापरणाऱ्याला काही करावं लागणार नाही. मॅन्युअल म्हणतं, तारखा तुम्हीच काढा. पेपरमधली प्रत्येक युक्ती आज उत्पादनात तशीच्या तशी मिळेल असं गृहीत धरून प्रयोग आखू नका, एवढा धडा यातून नक्की मिळतो.

वेगापलीकडची किंमत

पेपर फक्त वेगाची भाषा बोलतो. व्हेरियंटची दुसरी किंमत आहे बरोबर असण्याची, आणि माझ्या मते ती जास्त महाग पडते.

कल्पना करा, तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांतून टॅबवर भरलेल्या नोंदी जेसनमध्ये येतात. एका आवृत्तीत फील्डचं नाव ‘वजन’ आहे. पुढच्या आवृत्तीत कुणीतरी ते ‘वजन_किलो’ केलं. रिलेशनल टेबल असतं तर भरतानाच आरडाओरड झाली असती. व्हेरियंट निमूटपणे दोन्ही घेतं. तुमची क्वेरी ‘वजन’ मागते. नव्या नोंदींमध्ये ते नाही, म्हणून नल येतो. सरासरी काढताना नल गाळले जातात. सरासरी येते, आलेख येतो, अहवाल जातो. त्यात फक्त जुन्या आवृत्तीची केंद्रं आहेत, हे कुणालाही कळत नाही. एररचा एक शब्दही कुठे आलेला नसतो.

यात आणखी बारकावे आहेत. स्नोफ्लेकमध्ये कॉलमच्या नावात लहान-मोठं इंग्रजी अक्षर चालून जातं, पण व्हेरियंटच्या आतल्या फील्डच्या नावात चालत नाही; एक अक्षर चुकलं की परत तोच मुका नल. जेसनचा नल आणि एसक्यूएलचा नल हेही दोन वेगळे प्राणी आहेत. ‘नल आहे का?’ असं विचारलं तर जेसनचा नल ‘नाही’ असं उत्तर देतो, त्याच्यासाठी वेगळं फंक्शन वापरावं लागतं. रेडशिफ्टचा ‘सुपर’ हा प्रकारही चुकीच्या पाथवर मूळ सेटिंगमध्ये नलच देतो. म्हणजे एकट्या स्नोफ्लेकला नावं ठेवण्यात अर्थ नाही; या सगळ्या प्रकारांचा स्वभावच ‘सांभाळून घेण्याचा’ आहे. लवचीकता म्हणतात ती हीच. पण सांभाळून घेणारा माणूस चूक लपवतोही.

स्कीमा नाहीसा झालेला नाही, तो जागा बदलून बसलाय, हे ध्यानात घ्या. आधी तो डेटाबेसमध्ये एका ठिकाणी लिहिलेला असायचा. आता तो प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक व्ह्यूत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोटबुकमध्ये थोडाथोडा विखुरलेला आहे. पेपरमध्येही हे दिसतं बरं का! तीच टीपीसी-एच क्वेरी व्हेरियंटवर चालवता यावी म्हणून लेखकांनी वरून व्ह्यू लिहिले. सिस्टीम त्यांचा वापर ऑप्टिमायझेशनसाठी करत नाही, ती फक्त लिहिण्याची सोय आहे, असं ते प्रामाणिकपणे सांगतात. पण त्या व्ह्यूंमध्ये काय होतं? फील्डची नावं आणि प्रकार. स्कीमाच.

नंतर काय झालं

टीका करताना पुढच्या कामाने ती अडचण सोडवली का, हेही बघायला हवं. २०२१ मध्ये डोमिनिक दुर्नर, व्हिक्टर लाईस आणि थॉमस नॉयमन यांचा ‘जेसन टाईल्स’ हा पेपर सिग्मॉडमध्ये आला. डेटाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात कोणती फील्ड एकत्र येतात हे फ्रीक्वेंट आयटमसेटच्या पद्धतीने शोधायचं (हो, तीच मार्केट बास्केटवाली पद्धत, जी तुम्ही एम.एस्सी.ला शिकलात) आणि गरज पडल्यास सारख्या घडणीची डॉक्युमेंट्स शेजारी येतील अशी अदलाबदल करायची. पण मला जास्त आवडली ती त्यांची परीक्षा. टीपीसी-एच त्यांनीही घेतलं, पण सगळ्या टेबलांच्या नोंदी एकाच जेसन टेबलमध्ये ओतून आणि विस्कटून. सोबत येल्प आणि ट्विटरचा खरा डेटा. ऑप्टिमायझरसाठी आकडेवारी कशी गोळा करायची, हा क्यू-९ चा जुना प्रश्नही त्यांनी विषय म्हणून घेतला. एकाच बेंचमार्कला थोडा पीळ दिला की तो किती वेगळे प्रश्न विचारू लागतो, हे शिकायला दोन्ही पेपर लागोपाठ वाचा.

दरम्यान व्हेरियंट एका कंपनीचा राहिलेला नाही. स्पार्क ४.० मध्ये २०२५ साली तो आला आणि पार्के व आईसबर्ग या खुल्या फॉरमॅटमध्येही त्याला जागा मिळाली. वारंवार येणारी फील्ड बाहेर काढण्याला तिथे ‘श्रेडिंग’ म्हणतात. ही बातमी आपल्यासाठी मोठी आहे. बंद उत्पादनाची आतली वागणूक तपासायला आपल्याला अंदाज बांधावे लागतात. खुल्या फॉरमॅटची फाईल उघडून कोणता कॉलम झाला आणि कोणता नाही, हे स्वतः बघता येतं.

तुम्ही काय करू शकता

मार्गदर्शकांकडे जाण्याआधी घरच्या लॅपटॉपवर होण्यासारखा एक प्रयोग सुचवते. गिटहब आर्काइव्ह हा खुला डेटा आहे: गिटहबवरच्या सार्वजनिक घडामोडी, तासातासाच्या जेसन फाईल्समध्ये, २०११ पासून. यात ‘पेलोड’ नावाचं एक फील्ड आहे, त्याची घडण घटनेच्या प्रकारानुसार बदलते. कुणी प्रकल्पाला तारा दिला तर आत जवळजवळ काहीच नाही. कुणी इश्यू उघडला तर आत खोलवर गुंतलेला ऑब्जेक्ट. शिवाय १ जानेवारी २०१५ पासून डेटाचा स्रोत बदलला, त्यामुळे आधीची आणि नंतरची घडण वेगळी आहे. स्कीमा बदलण्याचं इतकं खरं उदाहरण फुकटात दुसरीकडे मिळणं कठीण.

दोन्ही बाजूंचे काही तास घ्या. चार गोष्टी एकेक करून बदला: फील्ड किती टक्के नोंदींमध्ये आहे, एका फील्डमध्ये किती प्रकार मिसळलेत, नोंदी क्रमवार आहेत की विस्कटलेल्या, आणि यादी किती खोल आहे. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: भरण्याचा वेळ, जागा, क्वेरीचा वेळ. क्वेरीचा वेळ थंड आणि गरम अशा दोन्ही कॅशेवर घ्या. चौथा रकाना माझ्याकडून: किती क्वेरींनी चूक न दाखवता चुकीचं उत्तर दिलं. हा रकाना मी वर उल्लेखलेल्या कुठल्याच वेगाच्या आलेखात नाही.

१० टक्क्यांची रेघ कुठे मोडते, हे या प्रयोगात दिसेल. ती ३० टक्के विरळपणाला मोडते की ७०, ते मी सांगणार नाही. ते तुम्हीच मोजायचं आहे. पण मोजल्यावर तुमच्या सिनॉप्सिसमधलं वाक्य बदललेलं असेल: ‘अमुक प्रकारच्या डेटावर, अमुक मर्यादेपर्यंत, वेग साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, त्यापलीकडे काय होतं हा या संशोधनाचा विषय आहे.’ पहिल्या वाक्यावर मुलाखतीत कुणी ‘कशावरून?’ विचारलं तर उत्तर पेपरमध्ये शोधावं लागलं असतं. या वाक्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.